चौथी ओळ वासाची

तापातून उठल्यापासून सुहासिनीबाईंना कशाचाच वास येत नव्हता. उदबत्ती जळते की विझली, तेही डोळ्यांनी बघून ठरवावं लागे. महिना झाला होता, आणि त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. बडोद्याला हरणीतल्या त्यांच्या सोसायटीत मासे खाणारी घरं तीन, आणि तिन्ही घरांची मासळी त्याच निवडून आणत. टोपलीवर जरा वाकल्या की सांगत, हा आजचा, हा कालचा, हा परवाचा. तीस वर्षांचा हा मान नाकाबरोबर गेला, असं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

मागच्या रविवारी त्यांनी आणलेली सुरमई घरात सगळ्यांनी मुकाट खाल्ली. मुलगा आशय एवढंच म्हणाला, "आई, आज कोकम जरा जास्त झालंय का?" त्या मुकाटपणानेच त्या काय ते समजल्या.

आणि आज दुपारी त्यांचा भाऊ विश्राम जेवायला येणार होता, थेट वेंगुर्ल्याहून. गेल्या खेपेला हात धुता धुता तो म्हणाला होता, "बडोद्यात माशे खंयचे गो, तुमी नुसतो बर्फ खातास."

म्हणून त्यांनी सकाळीच सुनेला हाक मारली. "उत्कर्षा, चल माझ्याबरोबर बाजारात. शिकून घे."

उत्कर्षा नेरूळची, लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासायची तिची नोकरी. लोखंडातली केसाएवढी चीर तिच्या नजरेतून सुटत नसे. मासा मात्र तिने कायम तुकडे होऊन, डब्यात बसून दारात आलेलाच पाहिला होता.

गोविंदभाईंच्या फळीवर पापलेटं अशी मांडली होती, जशी लग्नघरात घासून ठेवलेली चांदीची ताटं. माहेरी मासळी यायची ती वाशीच्या बाजारातून, म्हणून उत्कर्षाने सहज विचारलं, "भैया, ये वाशी का है?"

गोविंदभाईंचा सुरा हवेतच थांबला. "वासी? मारी माछली वासी? बेन, सवारे वेरावळथी आवी छे."

गुजरातीत वासी म्हणजे शिळं. सुहासिनीबाईंना हसू आवरेना. "अरे गोविंदभाई, वाशी तो गाम छे, गाम. एना पियरनी बाजुमां."

"तो गामनुं नाम बदलावो, मासी," गोविंदभाई म्हणाले, आणि अब्रूचा सवाल असल्यासारखे एकेका माशाचे कल्ले उघडून दाखवू लागले. सुहासिनीबाईंना तेच हवं होतं. त्या सुनेच्या कानाशी हळूच गुणगुणल्या. आईने जात्यावर बसून शिकवलेली ओवी होती ती.

डोळा मासळीचा बाई, दहिवराचा गं थेंब,
कल्ला उघडता आत, फुटलेलं गं डाळिंब.
बोट दाबिता पाठीला, खळी भरून ती येई…

उत्कर्षाने डोळे पाहिले, कल्ले पाहिले, अंगठ्याने पाठ दाबली. खळी पडली आणि लगेच भरून आली. "आमच्याकडे रबराचं सील असंच दाबून बघतात," ती खूश होऊन म्हणाली. "आणि चौथी ओळ?"

"विसरले."

"ओवी कुणी तीन ओळींवर सोडतं का, आई?" मग आवाज उतरवून म्हणाली, "सकाळी दूध करपलं. तुम्ही शेगडीशीच उभ्या होतात."

सुहासिनीबाईंनी पिशवीचे बंद उगीच बोटाला गुंडाळले. "येत नाही गं वास. महिना झाला."

आता ही हळहळणार, घरभर सांगणार, असं त्यांना वाटलं. उत्कर्षाने ओढणी मागे टाकली आणि फळीवर वाकली. "ओळ सांगा. नाक मी लावते."

"वास दर्याचा जो सांगे, तोच मासा घरी नेई."

सुहासिनीबाईंनी बाजूला काढलेलं पापलेट तिने हुंगलं आणि मान मागे घेतली. "हे नको. लादी पुसायच्या औषधासारखं टोचतंय." गोविंदभाईंनी स्वतः हुंगलं, ओशाळले. "कालनुं भेगुं थई गयुं," असं पुटपुटत त्यांनी ताज्यात मिसळलेलं ते कालचं पापलेट खाली ठेवलं. आता बघताना सुहासिनीबाईंनाही त्याचा डोळा जरा बसलेला दिसला.

पाहुण्यासाठी पापलेट न्यायचं मनात होतं. पण सून बांगड्यांपाशी अडली होती. शेपटीला धरून उचलला तरी बांगडा काठीसारखा ताठ.

"कसा आहे वास?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच काकडी चिरल्यासारखा. मग खारट. खाडीला भरती चढताना वारा येतो ना, तसा."

सुहासिनीबाईंनी डोळे मिटले. नाकाला काही कळलं नाही, पण वेंगुर्ल्याचा अख्खा किनारा डोळ्यांपुढे उभा राहिला. "डझनभर घे," त्या म्हणाल्या.

दुपारी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं पानात पडलं. विश्रामने दोन बांगडे भराभर संपवले, तिसऱ्याला हात घालताना म्हणाला, "सुहास, तुजा नाक अजून शाबूत आसा हां."

त्यांना नुसतं हसून ते श्रेय घेता आलं असतं. उत्कर्षा तर काही माहीतच नसल्यासारखी भात कालवत होती.

"नाक गेलंय रे माझं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "महिना झाला. हे बांगडे सुनेच्या नाकाने आणलेत."

आशयचा घास हातात राहिला. "म्हणजे मागच्या रविवारची सुरमई…"

"शिळी होती. बोलला का नाहीस?"

"तुझ्या नाकापुढे आजवर कोण बोललंय?"

उत्कर्षाला ठसका लागला. विश्रामने तिच्यापुढे पाणी सरकवलं आणि बहिणीला म्हणाला, "मग बघतंस काय? त्या नाकाक आणखी एक बांगडो वाढ."