रासेम म्हातारीचं मयत

सातव्या माडावर चढताना सारकूमचा पाय दोनदा निसटला. तीस वर्षं तो रोज दोन वेळा हेच माड चढत होता. खोडावरच्या खाचा त्याच्या पायांना तोंडपाठ होत्या. वर पोचून पाहतो तर पोयीला, माडाच्या फुलोऱ्याला, बांधलेलं बांबूचं नळकांडं अर्धं रिकामं, आणि नीरा एका अंगानं सांडून खोडावर ओघळलेली. त्यानं सवयीनं मान वळवली. या शेंड्यावरून दोन सुपाऱ्यांच्या मधोमध मशिदीचा पत्र्याचा घुमट दिसायचा. आज दिसेना. घुमट सुपारीआड गेला होता.

घुमट काही चालत जात नाही. कलला होता तो माड.

नऊ दिवस पावसानं उसंत घेतली नव्हती. माती भिजून भिजून लोण्यासारखी झाली होती. आणि असल्या पावसात डोंगरातला झरा परवापासून आटला होता. कारांगवारू वाडीची चाळीस घरं त्या झऱ्यावर पाणी पीत. वरचं पाणी खाली येईना, म्हणजे ते डोंगराच्या पोटातच कुठंतरी साठत होतं. हे कळायला फार अक्कल लागत नव्हती, पण ऐकायला कुणी हवं ना!

तो तसाच कोयता कमरेला खोचून वाडी ज्याला मानानं 'पाक' म्हणे त्या वाडीप्रमुख दुलहादीच्या ओसरीवर गेला. तिथं बैठक बसली होती.

"पाक, डोंगर सरकतोय. माझा माड कललाय."

"वाऱ्यानं कलला आसंल," दुलहादी म्हणाला. "झऱ्याचा राखणदार रुसलाय, बाकी काय न्हाई. उद्या समदी वाडी झऱ्यावर जाऊ, भाताचा मनोरा वाहू, तिथंच पंगत बसवू. येतंय बघ पानी."

"झऱ्यावर? त्याच्याच वर भेग पडलीया, पाक! परवा बोट जात व्हतं, आज हात जातोय."

"गेल्या साली बी तू असाच बोंबललास. मी धोक्याचा ठोका दिला. लोकं पोरंबाळं घिऊन नदीपल्याड पळाली. डोंगर आला न्हाई, चोर तेवढे आले. माझी दोन बकरी ग्येली. आता माझ्या हुकमाबिगर ठोक्याला हात लावशील तर याद राख."

कोपऱ्यात वाडीचा 'म्बाह', म्हणजे आजोबा, माद्रोजी विडी ओढत बसला होता. वाडीच्या सगळ्या कबरी खणणारा हा सत्तरीतला उंचनिंच म्हातारा, जिवंत माणसाकडंही मापं घेतल्यासारखाच बघायचा.

"सारकूम, लई भ्यालास बाबा," तो म्हणाला. "तुझी बी जागा आखून ठिवू का? तुझ्या आयेची ठिवलीया, तुझ्या बापाशेजारी. साडेतीन हात. आता काय ती वाढायची न्हाई."

ओसरी खदखदून हसली. सारकूम तिथून उठला.

घरी त्याची आई रासेम चुलीवरच्या कढईत नीरा ढवळत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वाळून खारकेसारखी झालेली, पण जीभ मात्र अजून ओली. मुलाचं सगळं ऐकून घेईपर्यंत तिनं पळी थांबवली नाही. गूळ करपला असता.

"धोक्याच्या ठोक्याला दुलहादीचा हुकूम लागतुया," ती म्हणाली. "आन् मयताच्या?"

"मयताला कुनाचा हुकूम, आये?"

"मग मी मरते."

"वंगाळ बोलू नगं."

"त्यात वंगाळ काय रं? उद्या खरंच मरायचंय, आज खोटं मरते. मयताला न जानारा मानूस ह्या वाडीत अजून जल्माला यायचाय. लासिनाच्या घरी ने मला, नदीपल्याड. चूल इझव आधी."

सारकूमनं तिला पाठुंगळी घेतलं आणि बांबूच्या पुलावरून पलीकडं, थोरल्या बहिणीच्या घरी नेलं. लासिनानं आईला फरशीवर निजवून वर बाटिकचं लुगडं पांघरलं, आणि पदर तोंडाशी धरून रडायला बसली. ते रडं काही सगळं खोटं नव्हतं. पुलाजवळच्या खोपीत फणसाच्या पोकळ खोडाचा ठोका टांगलेला होता. सारकूमनं तो वाजवला. मयताचा वाजवतात तसा: एक ठोका, मग थांबायचं. पुन्हा एक.

अर्ध्या तासात पूल माणसांनी भरून गेला. बायका तांदळाच्या पाट्या कडेवर आणि पोरं पाठीला बांधून आल्या. थकलेल्या म्हाताऱ्यांना धरून आणलं. दुलहादी काळी टोपी घालून आला, त्याच्या बायकोनं पांढरं कापड आणून उशाशी ठेवलं. "आंघोळ घालू या," ती म्हणाली. "मामा येईस्तवर थांबा," असं म्हणत लासिना आईच्या अंगावर पडूनच राहिली. सारकूमच्या जिवात जीव येत होता. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, की अंगणात धट्टेकट्टे गडी फारसे नाहीतच.

"गडी कुठं हायत?"

"कुठं म्हंजे?" दुलहादी म्हणाला. "ठोका ऐकला तसे शेतातनं कुदळी घिऊन परस्पर वर ग्येले. कबर खनायला. म्बाह माद्रोजी संगं हाय."

कबरस्तान झऱ्याच्या वर होतं, भेगेच्याही वर. ही गोष्ट वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल, आणि सारकूमला ती सुचली नव्हती.

तो धावत सुटला. वाटेवरचे दगड जागचे हलले होते. भेगेत आता अख्खा माणूस मावला असता. वर चाफ्याखाली चौदा गडी घामाघूम झाले होते आणि कबर छातीइतकी खोल गेली होती.

"बाहेर या! पळा! आये मेली न्हाई!"

कुदळी थांबल्या.

"मेली न्हाई म्हंजे?" माद्रोजीनं विचारलं.

"जित्ती हाय. तुमास्नी खाली काढायला मी खोटा ठोका दिला."

मग एक ढेकूळ सारकूमच्या छातीवर बसलं. "आयेचं मयत करतोस व्हय रं भाड्या? चला, आधी म्हातारीला बघू, मग ह्याचं खरं मयत करू!" शिव्यांचा पट्टा सोडत गडी उताराला लागले. जन्मात पहिल्यांदा सारकूमला शिव्या गोड लागल्या.

माद्रोजी मात्र जागचा हलला नाही.

"म्बाह, चला की!"

"उघडी कबर रिकामी टाकून जायचं नसतं. ती मानूस मागती. मानसाच्या जागी केळीचा बुंधा पुरतो आन् आलोच."

"मागनं पुरू!"

"मागनं कवा? रासेमच्या नावानं खनलीया, तिलाच मागंल." सारकूमनं धरलेला हात म्हाताऱ्यानं सोडवून घेतला. "थट्टा करतो म्हनून काय झालं? तिला एवढ्यात न्हाई जाऊ द्यायची मी. केळी ती काय, ईस पावलांवर हाय. जा तू."

आणि सारकूम गेला. पुढं आयुष्यभर त्याला हेच खुपत राहिलं, की तो गेला.

गडी पूल ओलांडतात न ओलांडतात तोच जमीन थरथरली. आवाज आधी खालून आला, मग वरून. चाफा उभ्याचा उभा पुढं सरकला, त्याच्यामागं डोंगर आला. झरा गेला, माड गेले, पत्र्याचा घुमट एकदाच चमकला आणि चाळीस घरांवरून चिखल नदीपर्यंत पोचला.

रासेम लुगड्याखालून उठून बसली, तिच्याकडं बघून कुणी दचकलंही नाही.

"समदे हायत न्हवं?" तिनं विचारलं.

दुलहादीनं टोपी काढली. गडी एकमेकांकडं बघायला लागले.

"म्बाह माद्रोजी ऱ्हायला," सारकूम म्हणाला. "तुझी कबर रिकामी ऱ्हाऊ नये म्हनून."

म्हातारीनं उशाचं पांढरं कापड ओढून मांडीवर घेतलं आणि त्याची नीट चौघडी घातली.

"न्हाई ऱ्हायली रिकामी," ती म्हणाली. "साडेतीन हातांत कसा मावला आसंल रं त्यो?"

दुलहादी सारकूमजवळ आला. त्यानं खोपीकडं बोट केलं. "दे ठोका. हुकूम-बिकूम काय नगं."

सारकूमनं ठोका दिला. एक, मग थांबायचं. पुन्हा एक. बराच वेळ तो वाजवत राहिला. पुलावरून कुणी आलं नाही. यायचे होते ते सगळे तांदळाच्या पाट्या घेऊन आधीच अंगणात उभे होते.