गोटीला जागं ठेवायचं होतं

गाडी घरी येऊन नऊ दिवस झाले होते आणि आमच्या दोघांतलं धड बोलणं बंद होऊन आठ. उरलेला एक दिवस नवरा गाडीचे फोटो काढत होता.

लाल, बुटकी, दोन दारांची गाडी. मागे दोन माणसं बसतात असं कागदावर लिहिलेलं. प्रत्यक्षात तिथे बाळाची खुर्ची आणि तिच्या शेजारी जेमतेम अर्धी मी. मागे बसायचं तर आधी त्याने उतरायचं, पुढची सीट वाकवायची, मग मी गोटीला घेऊन आत सरपटायचं. बाहेर पडतानाही तेच. थोडक्यात, त्याच्या मर्जीशिवाय मला उतरताही येत नव्हतं. हे मी बोलून दाखवलं तेव्हा म्हणाला, "स्पोर्ट्स कार आहे ही. बस नाही."

गोटी म्हणजे आमची मुलगी, सात महिन्यांची. गोल, गोरीगोमटी, हसरी. गाडी आली त्या संध्याकाळी त्याने खिडकीखाली इंजिन असं काही गरजवलं की वरच्या मजल्यावरची जुळी एकदम रडायला लागली, शेजारच्या कुत्र्याने भुंकून घर डोक्यावर घेतलं, माझ्या हातातला चमचा पडला. गोटी माझ्या कडेवर होती. ती माझ्या कुडत्याचं बटण चावत होती, ते चावत राहिली.

"बघितलंस?" तो वर येऊन म्हणाला. "पोरगी बापावर गेलीय. घाबरत नाही कशाला."

मी गेले चार महिने हेच बघत होते. दार आपटलं, मिक्सर लागला, माझ्या हातून भांडं पडलं, तरी तिची मान वळत नव्हती. मी दिसले की हसायची, मागून हाक मारली की नाही. नवऱ्याच्या मते मी इंटरनेटवर बसून पोरीसाठी आजार हुडकत होते. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, हासुद्धा लहानपणी हाकेला ओ देत नसे." अजून तरी कुठे देतो, हे मी तोंडातच ठेवलं.

कानाच्या तपासणीची तारीख मिळवली ती मीच. तपासणीची एक अट असते. बाळ गाढ झोपलेलं लागतं. डोक्याला तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात, आणि मेंदूपर्यंत काय पोचतं ते यंत्र बघतं. बाळ जरा हललं की सगळं वाया. म्हणून हॉस्पिटलातल्या तपासणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "पहाटे लवकर उठवा, वाटेत अजिबात झोपू देऊ नका. इथे आल्यावर दूध पाजून झोपवू." पहिल्या तारखेला गोटी वाटेत पाऊण तास झोपली आणि तिथे टक्क जागी. खोलीभर हात नाचवत खिदळत बसली. पुढची तारीख सात आठवड्यांनी मिळाली. ती आज होती, सकाळी दहाची. आजही हुकली तर बाईंनी पुन्हा दोन महिने सांगितले होते, आणि कानांचं खरंच काही असलं तर एकेक महिना मोलाचा, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

मी गोटीला पहाटे चारला उठवलं. चार ते साडेआठ तिला गाणी, खुळखुळे, आरसा, ओला रुमाल, पुन्हा आरसा. साडेआठला तो खाली जाऊन गाडी सुरू करून आला. इंजिन पाच मिनिटं तापू द्यायचं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

"टॅक्सी बोलावूया," मी म्हटलं. "मोठी गाडी असली की मला तिच्यासमोर बसता येईल, जागं ठेवता येईल."

"दारात नवी गाडी उभी आहे आणि टॅक्सी? लोक काय म्हणतील?"

"लोकांना तपासायचं नाहीये."

"तिलाही तपासायचं नाहीये खरं तर. तुझं समाधान म्हणून चाललोय." आणि खांद्यावर बॅग टाकून निघाला.

वाटेत पुढच्या पडद्यावर काहीतरी लाल चमकलं आणि टुंग टुंग आवाज आला.

"काहीतरी वाजतंय," मी मागून म्हटलं.

"तुझं सतत काही ना काही वाजत असतं." त्याने कुठलंसं बटण दाबलं. आवाज बंद झाला.

मऊ सीट, एकसुरी घरघर, झुलतं वळण. गोटीचे डोळे जड झाले. मी तिच्या तळपायाला टिचक्या मारल्या, गालावर पाणी लावलं. मान कलंडली.

"थांबव! ती झोपतेय. जरा बाहेर काढते, वारा लागू दे."

"पंधरा मिनिटांचा रस्ता उरलाय."

"पंधरा मिनिटं झोपली तर गेली तपासणी. थांबव म्हणते ना!"

त्याने करकचून ब्रेक लावला, गाडी एका गोदामाच्या फाटकासमोर घेतली आणि इंजिन बंद केलं. "घे. थांबवली. अजून काय करू? नाचू?"

उतरला, सीट वाकवली. मी गोटीला घेऊन बाहेर आले. अरुंद रस्ता, एका बाजूला गोदाम, दुसऱ्या बाजूला राहत्या इमारती. गार वाऱ्याने गोटीने डोळे उघडले. मी चार फेऱ्या मारल्या. नऊ वाजून दहा मिनिटं. "चल," मी म्हटलं.

त्याने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: चावी सापडत नाही.

"नवीन गाडी आहे," तो म्हणाला, जणू मी विचारलं होतं. तिसऱ्यांदा दाबलं. चौथ्यांदा दाबलं आणि गाडीने त्याला चोर ठरवलं. चारही दिवे भकभकायला लागले आणि भोंगा सुरू झाला. असला कर्कश की माझ्या दातांत कळ गेली.

समोरच्या तिसऱ्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. बनियनमधले एक काका. "ए! बंद करा तो प्रकार! इथे माणसं राहतात!"

"बंदच करतोय ना!" नवरा ओरडला.

"दिसतंय! दिवे लावून बंद करताय होय?"

तेवढ्यात मागून कपाटं लादलेला टेम्पो आला आणि नेमका त्याच फाटकाकडे तोंड करून थांबला. टेम्पोवाला उतरला. रुंद, घामेजलेला माणूस. "साहेब, शोरूम पुढच्या चौकात आहे. इथे मी माल उतरवतो."

"गाडी बंद पडलीय."

"मग ढकला की."

"ढकलता येत नाही. ब्रेक इलेक्ट्रॉनिक आहे. हात लावू नका! रंग नवा आहे!"

"रंगाचं काय करायचं? माझी कपाटं काय आता डोक्यावरून नेऊ?"

नवऱ्याने कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. एका कानात बोट, दुसऱ्यावर फोन. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण त्याची उत्तरं पुरेशी होती. "नऊ दिवसांची गाडी आहे हो! ... कसला प्रश्न विचारता? अर्थात आहे चावी! चावीशिवाय गाडी इथवर आली का? ... तुमच्या गाडीत बिघाड आहे, तुम्ही माणूस पाठवा!"

तो खिसे चाचपत होता. पँटचे, शर्टाचे, पुन्हा पँटचे. मग माझ्याकडे वळला. "बॅगेत तू टाकलीस. काढ."

आणि त्या क्षणी मला ते आठवलं. या नऊ दिवसांत त्याने घरात एक कायदा केला होता. चोर म्हणे घराबाहेर उभे राहून चावीतून निघणारे संदेश हवेतून पकडतात, म्हणून घरात पाऊल टाकलं की चावी स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट. मी एकदा ती टेबलावर ठेवली तर सासूबाईंना फोन करून सांगण्याइतका चिडला होता. आज सकाळी तो गाडी सुरू ठेवून वर आला. बॅग न्यायला.

"तू वर आलास तेव्हा डब्याचं झाकण वाजलं," मी म्हटलं.

"काहीतरी बोलू नकोस."

"मी ऐकलं. इंजिन चालू होतं म्हणून गाडी इथवर आली. मघाशी टुंग टुंग वाजलं ते हेच सांगत होतं. चावी घरी आहे, तुझ्याच डब्यात."

त्याचा चेहरा आधी पडला आणि मग तापला. "म्हणजे माझी चूक! तू मध्येच थांबवायला लावलं नसतंस तर आत्ता पोचलो असतो!"

"वा," टेम्पोवाला म्हणाला. "चोरापासून लपवली आणि स्वतःच विसरला."

"तुम्ही मध्ये बोलू नका!"

"मध्ये तुमची गाडी आहे, साहेब. मी मागे आहे."

वरून काका: "पोलिसांना बोलावतो मी!"

"बोलवा!" नवरा आणि टेम्पोवाला एकदमच ओरडले. पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

भोंगा अर्धा मिनिट थांबायचा, पुन्हा उसळायचा. फाटकाजवळच्या दोन माणसांनी कान झाकले होते. एक बाई हातातली पिशवी डोक्याशी धरून पळत गेली. मी गाडीच्या नाकापासून तीन पावलांवर उभी होते आणि मला एकाएकी खांदा जड वाटला.

गोटी झोपली होती. तोंड उघडं, लाळेचा ओला डाग माझ्या खांद्यावर, मूठ सैल सुटलेली. भोंगा पुन्हा उसळला. मी स्वतः दचकले, अंगभर हलले. तिची पापणीही हलली नाही.

मी तिला तशीच घेऊन आणखी जवळ गेले. अगदी बॉनेटला टेकून उभी राहिले. काय करत होते ते मला तेव्हा नीट कळत होतं. भोंगा चालू होता आणि ती श्वास घेत होती, सावकाश.

टेम्पोवाल्याच्या लक्षात आधी आलं. तो शिव्या द्यायचा थांबला. नवऱ्याने मग त्याच्या नजरेच्या दिशेने बघितलं.

"दमलीय," तो घाईघाईने म्हणाला. "चारला उठवलंस तिला तू. दमलेलं पोर असंच झोपतं."

"असंच?"

"हो, असंच! प्रत्येक गोष्टीत नको ते बघू नकोस!"

 डोक्यात आता वेगळाच हिशेब सुरू झाला होता. तिची झोप पाऊण तासाची. झोपून चार-पाच मिनिटं झाली असतील. जागं ठेवायचं संपलं, आता झोपलेलीच पोचवायची होती.

"दादा," मी टेम्पोवाल्याला म्हटलं, "इथून मोठं हॉस्पिटल किती लांब?"

"आणि माझा माल?"

"ही गाडी इथून हलेपर्यंत तुमचा माल आत जाणार आहे का?"

त्याने गाडीकडे बघितलं, माझ्या खांद्याकडे बघितलं. "बसा. पण सांगून ठेवतो, सीट फाटकी आहे."

"अगं, वेड लागलंय का?" नवऱ्याने माझा दंड धरला. "अनोळखी माणसाबरोबर? दहा मिनिटं थांब, मी कुणालातरी चावी आणायला सांगतो."

"हात सोड. ती उठेल."

"मग मी? मी गाडी अशी उघडी टाकून कसा येऊ? नऊ दिवसांची गाडी आहे!"

"नको येऊस," मी म्हटलं. बॅग उचलली आणि टेम्पोत चढले.

टेम्पोवाला मागे मागे घेत रस्त्यातून बाहेर पडला.  खड्डा दिसला की चाल मंद करायचा, आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले की खिडकीतून हात काढून त्यांना गप्प करायचा. दारात सोडताना एवढंच म्हणाला, "तुमच्या साहेबांना म्हणावं, गाडी काढा. मी परत तिथेच चाललोय."

बाईंनी तिला माझ्या हातांतच ठेवून तारा चिकटवल्या. अंधारलेल्या खोलीत पडद्यावर रेघा चालू लागल्या. गोटी उठली नाही. बाई आवाज वाढवत गेल्या, रेघा सपाट राहिल्या. मला ते वाचता येत नव्हतं, पण बाईंची पाठ मला वाचता येत होती. वळून त्यांनी सांगितलं ते सरळ शब्दांत सांगितलं. डाव्या कानात काहीच नाही. उजव्यात अगदी थोडं. लवकर आलात हे चांगलं झालं, पुढच्या आठवड्यात कानाच्या मशीनची मापं घेऊ.

बाहेर आले तेव्हा तो बाकावर बसला होता. शर्ट पाठीला चिकटलेला. गाडीचं काय केलं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

"काय म्हणाल्या?" तो उभा राहिला.

गोटी जागी झाली होती. मी तिला त्याच्याकडे दिली नाही.

"तुला रस्त्यातच कळलं होतं," मी म्हटलं आणि कागद त्याच्या हातात दिला.