दादाच्या मानेतली गाठ

मी दादाच्या मानेतली गाठ बोलतेय. गाठ म्हटलं की लोक घाबरतात, म्हणून आधीच सांगते, मी काही बाहेरून आलेली नव्हे. दादा जन्मला तेव्हापासून मी त्याच्या जबड्याखाली होते. आम्हा बहिणींचा गोतावळा मोठा. मानेत, काखांत, जांघांत, पोटात, सगळीकडे आम्ही. दाढ दुखली की मी जरा फुगायचे. लोक त्याला अवधाण म्हणतात आणि विसरून जातात.

दादा बस चालवायचा, आणि माझं कामही थांब्यासारखंच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी गस्त घालत फिरतात, त्या माझ्याकडे उतरतात. धावत्या रक्तातून उतरणं सोपं नसतं. त्यांच्या अंगावर बारीक आकडे असतात आणि माझ्या रक्तवाहिनीच्या भिंतीवर त्यांना बसतील अशा कड्या. आकडा कडीत अडकला की पेशी भिंतीवरून गडगडते, थबकते, मग फटीतून आत शिरते. डॉक्टर या आकड्या-कड्यांना चिकटणारे रेणू म्हणतात. आकडा बसला की दार उघडायचं, एवढंच मला ठाऊक. येणाऱ्याच्या मनात काय आहे हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.

दर रविवारी दादा धाकट्या भावाच्या सलूनमध्ये जाऊन बसायचा. धाकटा दाढी करायचा आणि मग मान चोळून द्यायचा. भावाचे पैसे घ्यायचे नाहीत आणि मान चोळल्याशिवाय त्याला उठू द्यायचं नाही, हे त्याचं ठरलेलं. एकदा त्याची बोटं माझ्यावर थांबली.

"दादा, इथं काहीतरी हाताला लागतंय."

"दाढ ठणकतेय कधीची. अवधाण असेल."

"मग जिरवून टाकू."

तेव्हापासून तो कोमट तेल घेऊन मला चोळायला लागला. मनापासून चोळायचा बिचारा. मी काही जिरले नाही, उलट वाढतच गेले.

झालं होतं असं, की एक पांढरी पेशी बिघडली होती. कधी थांबायचं हेच ती विसरली, नुसती वाढत सुटली. आकडे मात्र तिचे जागच्या जागी होते. ती आली, आकडा बसला, मी दार उघडलं. माझ्यात तिची पिलावळ झाली आणि तेच आकडे घेऊन पुढे निघाली. काखेतल्या माझ्या बहिणीनंही त्यांना असंच आत घेतलं.

शेवटी वहिनीनं दादाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला चाचपलं, मग काखेत हात घातला आणि म्हणाले, "हे साधं वाटत नाही. मानेतली गाठ काढून तपासू." संध्याकाळी धाकटा घरी आला तेव्हा वहिनीनं त्याला दारातच गाठलं.

"भावजी, तुम्हीच चोळून चोळून पसरवलंत हे."

धाकटा दारातूनच मागे फिरला. पुढच्या रविवारी दादानं आरशासमोर स्वतःची दाढी केली आणि हनुवटी कापून घेतली.

मग मला काढलं. मेणात बसवलं, पापुद्र्यासारखे काप केले, जांभळ्या रंगात बुडवून काचेवर चिकटवलं. निदान झालं, लिम्फोमा, म्हणजे आम्हा गाठींमधल्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. एक दिवस धाकटा एकटाच प्रयोगशाळेत आला. मला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंसमोर खुर्ची असूनही बसला नाही.

"माझ्या हातानं पसरलं का, एवढंच सांगा."

त्यांनी त्याला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. त्यानं एक डोळा मिटून माझ्यात पाहिलं.

"चोळायला नको होतं, दुसऱ्या कुणाचीही गाठ चोळू नका. पण त्यानं हे पसरलं नाही. या पेशींच्या अंगावरच आकडे असतात. त्या आपणहून जातात. काखेतली गाठ चोळली होतीत?"

"नाही. तिथं कधी हात नाही लावला."

"तिथंही हेच आहे."

त्यानं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. मग म्हणाला, "औषधानं केस जातील ना त्याचे?"

"जातील. आधीच काढले तर बरं पडतं. वस्तरा लावू नका, मशीननं काढा."

त्यानं तिथूनच फोन लावला. "वहिनी, मी बोलतोय... डॉक्टरांपाशीच आहे. दादाचे केस दुसऱ्या कुणाला काढू देऊ नका. मी येतो रविवारी." पलीकडून वहिनी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होती. धाकट्यानं बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाला, "बरं. जेवूनच जाईन."

आता मी मेणाच्या ठोकळ्यात, एका खणात पडून आहे. दादाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. ठोकळ्यांना कुणी कळवत नाही. तुमच्या बोटांना माझी एखादी बहीण लागली आणि ती काही केल्या बसेना, तर चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तुमच्या माणसानं मायेनं चोळलीच असेल, तर त्याला दारातून परत पाठवू नका.