क्लॅरीमामाची नाणी

जून अर्धा सरला तरी क्लॅरीमामाच्या अंगणात जळाऊ लाकूड येऊन पडलं नाही, तेव्हा मेरनच्या मनात पाल चुकचुकली. दक्षिण गोलार्धातल्या अल्व्हरस्टोनात जून म्हणजे भर हिवाळा, आणि त्यात ज्याच्या दारी लाकडाचा ढीग नाही, तो एक तर देवाघरी गेलेला असतो, नाही तर मुलांकडे राहायला. मामा यातलं काहीच नव्हता. चौऱ्याऐंशी वर्षांचा तो गडी स्वयंपाकघरात कोट घालून, गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता आणि शेगडी गार पडली होती.

"मामा, लाकडं नाही मागवलीस?"

"यंदा थंडी कुठे आहे एवढी?" मामा म्हणाला. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ येत होती.

मेरनने आणखी खोदून विचारलं, तेव्हा मामा उठला आणि मोठ्या खुशीत तिला आतल्या कपाटाकडे घेऊन गेला. मामी असताना तिथे चादरी असायच्या. आता निळ्या मखमली डब्या होत्या, एकावर एक रचलेल्या, बासष्ट. प्रत्येक डबीत प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं एक पिवळंजर्द नाणं. कशावर राणी, कशावर गलबत, कशावर कांगारू. सोबत जाड कागदाचं प्रमाणपत्र, खाली लफ्फेदार सही.

"पेपरात जाहिरात होती. पहिलं फक्त दहा डॉलरला," मामा म्हणाला. "मग ते दर महिन्याला दोन पाठवायला लागले. नव्वद-नव्वदचं. टेगनसाठी ठेवलीत. शिक्षण संपलं की घराला उपयोगी पडतील तिला."

टेगन म्हणजे मेरनची मुलगी, होबार्टला शिकणारी. तिला नाण्यांत काडीचा रस नव्हता.

"नको असेल तर परत पाठवता येतात की रे, दहा दिवसांत. इथे लिहिलंय बघ."

"घेतलेला माल परत कसा पाठवायचा?" मामाला खरोखरच नवल वाटलं. "आणि खोटं कसं असेल? सही आहे ना माणसाची."

इथेच खरी गोम होती. एकतीस वर्षं तो सॉ मिलच्या भुईकाट्यावर होता. जंगलातून ओंडके भरून आलेला प्रत्येक ट्रक त्याच्या काट्यावर चढायचा आणि मामा वजनाच्या चिठ्ठीवर सही करायचा. त्या चिठ्ठीवर ड्रायव्हरचे पैसे, ठेकेदाराचे पैसे. एकतीस वर्षांत एका चिठ्ठीवर भांडण झालं नाही. 'सी. ट्रेलोर' एवढं खाली असलं की मालकसुद्धा वरचा आकडा बघायचा नाही. त्यामुळे कुणी सही करून खोटं लिहील हे त्याच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं.

मेरनने तेव्हाच, त्या गार स्वयंपाकघरात, त्याच्यासमोर बसून सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "छान आहेत." आणि निघताना एक डबी न विचारता पर्समध्ये टाकली.

लॉन्सेस्टनच्या नाणेवाल्याने डोळ्याला भिंग लावलं न लावलं आणि काढून ठेवलं. "बाई, हे पितळ आहे. वरून सोन्याचा हात फिरवलाय. अशी एक लाख काढलीत."

"पण मर्यादित संख्येत काढलीत म्हणून लिहिलंय."

"एक लाखापुरती मर्यादित," तो म्हणाला. "डबी बरी आहे. डबीचे दोन डॉलर देतो."

डबी परत घेऊन ती घरी आली ती जवळजवळ खुशीतच. आपला संशय खरा निघाला याचाच तिला आनंद झाला होता. पुढे कितीतरी दिवस त्या आनंदाची तिला लाज वाटत राहिली.

आता तिच्या गावची रीत अशी, की कुणाला काही गंभीर सांगायचं तर एकट्याला गाठून सांगत नाहीत. एकट्याला गाठलं म्हणजे कुणी तरी मेलंय किंवा डॉक्टरने वाईट सांगितलंय. बाकी सगळं चारचौघांत, टिंगल करत, बिअरच्या ग्लासावर. ज्याची टिंगल होते तो सव्याज परत करतो, सगळे हसतात आणि मुद्दा पोचलेला असतो. नवऱ्याचं पिणं, शेजाऱ्याचं कुंपण, मेरनने स्वतः असंच मिटवलेलं होतं. त्यामुळे रविवारी बोल्स खेळणाऱ्यांच्या क्लबात जेवायला मामाला घेऊन गेली, तेव्हा तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. खरं सांगायचं तर मामाच्या नजरेला नजर देऊन बोलायची तिच्यात हिंमत नव्हती, आणि ही वाट सोपी होती.

करी घातलेल्या शिंपल्यांचं सारण भरलेल्या खाऱ्या पेस्ट्र्या आल्या, बिअर आली. थोर्ली, बेव्हन, सगळी जुनी मंडळी टेबलाभोवती होती.

"ऐकलंत का," मेरन म्हणाली, "आमच्या मामाने सोन्याची खाण घेतलीय. बासष्ट नाणी! आणि सगळी पितळेची. या किनाऱ्यावरचा एकेक ओंडका तोलला गड्याने, पण एक नाणं काही काट्यावर टाकवलं नाही."

टेबल हसलं. मामाही हसला. तिने पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली आणि नाणेवाला डबीचे दोन डॉलर देत होता हे सांगितलं. आणखी हशा.

थोर्लीने तीस वर्षं लाकडाचा ट्रक चालवला होता. तो पुढे वाकून म्हणाला, "म्हणजे क्लॅरी, माझ्या गाडीची वजनं पण अशीच करायचास काय रे? डोळे मिटून?"

"तुझ्या गाडीपेक्षा तुझंच जास्त भरायचं, थोर्ली," मामा म्हणाला.

छत उडेल इतके सगळे हसले. मामाने उठून सगळ्यांना एकेक बिअर पाजली. डबी मात्र त्याने कोटाच्या खिशात घातली. मेरनला वाटलं, चला, काम फत्ते.

आणि काम झालंच. सोमवारी तिने त्याच्या घरून त्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, खातेदारांशीच बोलायला हवं. मेरनने रिसीव्हर मामाच्या हातात दिला.

"माझी भाची म्हणते तसं करा," मामा म्हणाला. "मला त्यातलं काही कळत नाही."

मेरनने त्याच्या पाठीवर थोपटलं. पार्सलं थांबली. शेवटची चार न उघडलेली तिने परत पाठवली. गुरुवारी ट्रकभर लाकूड अंगणात पडलं, शेगडी पेटली, मामाने कोट काढला. टेगनला फोनवर सगळं सांगताना मेरन म्हणाली सुद्धा, "वेळेवर लक्षात आलं गं."

ऑक्टोबरात क्लबाची हिरवळ उघडली. बोल्स म्हणजे जड गोळे हिरवळीवरून असे सोडायचे की पांढऱ्या छोट्या गोळ्याच्या जास्तीत जास्त जवळ जाऊन थांबावेत. दोघांचे गोळे सारख्याच अंतरावर वाटले की कुणी वाद घालत नसे. "क्लॅरी!" अशी हाक जायची. मामा फीत घेऊन गुडघ्यावर बसायचा, मापायचा, आणि तो म्हणेल ते शेवटचं. पण यंदा मामा पहिल्या शनिवारी फिरकला नाही. दुसऱ्याही नाही. गुडघे दुखतात म्हणाला. मग चष्मा बदलायचाय म्हणाला.

थोर्ली बाजारात मेरनला भेटला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. "आम्ही गंमत केली गं. त्याने पण केली की."

"हो," मेरन म्हणाली. "त्याने पण केली."

तिसऱ्या शनिवारी तिने मामाला गाडीत घातलाच. वाटेत कांद्याच्या शेतांपाशी गाडी हळू करत ती म्हणाली, "मामा, त्या दिवशी क्लबात मी तसं बोलायला नको होतं."

"खोटं कुठे बोललीस?"

"खोटं नाही. पण तिथे नको होतं. घरी बोलायला हवं होतं."

मामा खिडकीबाहेर बघत होता. "कांदा चांगला आलाय यंदा," तो म्हणाला.

क्लबात सगळ्यांनी त्याचं जरा जास्तच स्वागत केलं. खेळ रंगला, आणि चार वाजता थोर्लीचा आणि बेव्हनचा गोळा पांढऱ्याच्या अगदी जवळ येऊन थांबला. जिभेला सवय होती. कुणी तरी हाक मारली, "क्लॅरी!"

मामा गेला. हळूहळू गुडघ्यावर बसला. फीत ओढून एका गोळ्यापर्यंत नेली, मग दुसऱ्या. सगळे थांबले होते. त्याने पुन्हा एकदा मापलं. मग मान वर करून मेरनला शोधलं आणि फितीचं टोक तिच्यापुढे धरलं.

"तू बघ गं जरा."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मेरनने आनंदाने झेलला असता. तो खरंच विचारत होता. ती त्याच्या शेजारी गवतात गुडघ्यावर बसली. थोर्लीचा गोळा चांगला बोटभर जवळ होता. शाळकरी पोरानेही सांगितलं असतं.

"मामा, तुला दिसतंय की."

"तू सांग."

"थोर्लीचा," मेरन म्हणाली.

मामाने फीत गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. "मग तसंच असेल," तो म्हणाला, आणि उठायला तिच्या खांद्याचा आधार मागितला.