न वाजलेली शिट्टी

कारखान्यात बॉयलरची नळी फुटली, तेव्हा बॉयलरवाला हातभर अंतरावर उभा होता. अंगावर साधा ओरखडाही उठला नाही, हे तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. घरी मात्र दार आपटलं तरी त्याच छातीत धडधडायचं, तळवे घामाने भिजायचे, घास घशाखाली उतरायचा नाही. “पित्त आहे,” म्हणायचा. डोंबलाचं पित्त!

एकदा तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. बायको कुकरवर डोळे लावून उभी होती. शिट्टी वाजणार, तोच तिने गॅस बंद केला.

“हे काय गं?”

“चार महिने असंच करते. शिट्टी झाली की तुम्ही दचकता ना.”

वाटाणे कच्चे राहतात म्हणून चार महिने तो तिच्यावरच डाफरत होता.