अन्नपूर्णेला स्वच्छ पाणी

दिनानाथरावांना जगाची शिसारी यायला फारसं निमित्त लागत नसे. अंबरनाथ एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत उभा जन्म काढलेला माणूस, पण शेजारच्या कपबशीवर चहाचा ओघळ दिसला की नाक मुरडलंच. हात तर दिवसातून इतक्यांदा धुवायचे, की साबण घरात टिकत नसे. असा माणूस भल्या सकाळी एकटाच गाडी काढून समुद्राकडे निघाला, तो बायकोच्या अन्नपूर्णेसाठी.

गेल्या पावसाळ्यात उल्हास नदी मांजर्लीतल्या त्यांच्या तळमजल्यावर शिरली. देवघर आडवं झालं आणि कुंदाताईंनी माहेरहून आणलेल्या पितळी अन्नपूर्णेचा पळी धरलेला हात तुटला. खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, तिचं विसर्जन करतात.

"पण आपल्या नदीत नाही हं," कुंदाताई म्हणाल्या. "गौरीहराला मी हिच्यासमोर बसले होते. स्वच्छ पाणी बघूनच सोडा. शब्द द्या."

दिनानाथरावांनी शब्द दिला. कुंदाताईंच्या गुडघ्यांना प्रवास झेपत नव्हता. निघताना त्यांनी निर्माल्याची पिशवीही हातात दिली. "फुलं तेवढी खाडीत सोडा, पिशवी परत आणा."

वसई खाडीच्या पुलावर दिनानाथरावांनी गाडी कडेला घेतली. मागून ट्रकवाले हॉर्न बडवत होते. त्यांनी घाईघाईने हात जोडले आणि गाठ न सोडताच पिशवी कठड्यावरून खाली टाकली. देवाचं होतं, देवाला पोचलं.

मग किनारा सुरू झाला आणि त्यांचं डोकं फिरायला लागलं. अर्नाळ्याला एक महाभाग लाटांत जीप घालून धूत होता. पाण्यावर तेलाचा तवंग, वाळूत बाळाचं भरलेलं डायपर. शी! पुढे केळव्याच्या किल्ल्यावर कुणा प्रेमवीराने दगडात बदाम कोरून ठेवला होता. शिरगावच्या तटावर एक जोडपं गुलाबी धूर सोडून लग्नाआधीचे फोटो काढत होतं. ज्या तटासाठी माणसं मेली, तिथे हे थेर! कोपऱ्यात तर मुताचा असा भपका होता की दिनानाथरावांनी रुमाल नाकावरून काढलाच नाही.

भेळेची डिश वाळूत टाकणाऱ्या एका बाईला त्यांनी हटकलं, "ओ ताई, समुद्र काय तुमची भांडी घासायला बसलाय?"

"अंकल, चिल मारा ना," तिची मुलगी म्हणाली. "सगळेच टाकतात."

"सगळे शेण खातात म्हणून तूही खाशील?" दिनानाथराव कडाडले. मायलेकी हसत निघून गेल्या. डिश तिथेच राहिली.

उन्हं कलली तरी अन्नपूर्णा खिशातच होती. परतीच्या वाटेवर वसईचा किल्ला हा शेवटचा आसरा. किनाऱ्यावर माणूस नव्हता आणि पाणी लांबून तरी बरं दिसत होतं. त्यांनी पॅन्ट दुमडली, मूर्ती काढली आणि घोटाभर पाण्यात शिरले. एवढ्यात पायाला काहीतरी बुळबुळीत बिलगलं.

पिशवी होती, गाठ मारलेली. तशा पिशव्यांची रांगच्या रांग भरतीने वर आणून टाकली होती. त्यांनी बोटाच्या टोकाने एक फाडली. आत कुजलेला झेंडू, अगरबत्तीच्या काड्या, नारळाचं सडकं खोबरं. पिशवीवर मिठाईवाल्याचा पत्ता: उल्हासनगर, कॅम्प दोन. आपली नदी इथेच येऊन समुद्राला मिळते, हे ते शाळेत शिकले होते. कुणाला तरी सणसणीत शिवी हासडावी म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पण तिथे ते एकटेच होते. त्यांनी अन्नपूर्णा पुन्हा खिशात ठेवली.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. त्यांनी मूर्ती टेबलावर ठेवली आणि जीप, बदाम, गुलाबी धूर, सगळं हातवारे करून सांगितलं. "मला नाही जमलं, कुंदा. या लोकांनी कुठे जागाच ठेवली नाही."

कुंदाताईंनी मूर्ती पदराने पुसली, तांदळाचा डबा उघडला आणि ती हळूच आत बसवली. "पूजेत नसेना का, धान्यात राहील. तिची जागाच ती." मग त्यांनी हात पुढे केला. "माझी पिशवी?"

"टाकली," ते म्हणाले. "पुलावरून. गाठीसकट."

कुंदाताईंनी डब्याचं झाकण लावलं.

"आधी हात धुऊन या," त्या म्हणाल्या. "मग वाढते."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे त्यांना आज पहिल्यांदाच सांगावं लागलं.