रुचिताच्या कुरळ्या केसांचा कंगवा

मित्रांनो, मी एक जुना कडुनिंबाचा कंगवा आहे. वय म्हणाल तर आठ-नऊ वर्षांचं. पण रोज केसांतून फिरणाऱ्याला तेवढी वर्षं पुष्कळ होतात. माझे दात रुंद आहेत, एकमेकांपासून लांब आहेत आणि त्यांची टोकं गोल आहेत. आंबिवलीला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी राहतो.

शीळफाट्याजवळ रस्ता रुंद करताना एक कडुनिंब पाडला गेला. त्याची एक फांदी रघु नावाच्या सुताराने घरी नेली. ती त्याने वर्षभर सावलीत वाळवली, मग फळ्या पाडल्या. माझा एकेक दात त्याने करवतीने कापला आणि पॉलिश पेपरने घासत बसला. घासून झाला की तो दात आपल्याच गालावर फिरवून बघायचा. खरखर लागली तर पुन्हा घासायचा. शेवटी त्याने मला तेलात बुडवून ठेवलं. चार दिवसांनी मी बाहेर आलो तो गडद, गुळगुळीत आणि थोडासा कडवट वासाचा.

डोंबिवलीच्या एका प्रदर्शनात प्रीती नावाच्या बाईने मला विकत घेतलं. ती नर्स होती. तिच्या कडेवर दोन वर्षांची रुचिता होती आणि त्या मुलीच्या डोक्यावर केसांचं नुसतं जंगल होतं. कुरळे, दाट, चारी दिशांना धावणारे केस! प्रीतीने मला त्या जंगलात हलकेच फिरवलं. रुचिता रडली नाही. "हाच द्या," प्रीती म्हणाली.

पुढची सात वर्षं माझी सुखाची होती. रुचिताचे केस वाढत कमरेपर्यंत आले. रविवारी तेल, मग रिठा-शिकेकाई, आणि रोज सकाळी दोन वेण्या. प्रीतीच्या हातात मी असलो की रुचिता गाणी म्हणायची. शेजारच्या बायका विचारायच्या, "अगं, एवढे केस आवरतेस कसे?" प्रीती नुसतं मला वर करून दाखवायची. खरं सांगतो, मला तेव्हा थोडा गर्व झाला होता.

रुचिता चौथीत गेली त्या वर्षी प्रीतीला मस्कतच्या एका इस्पितळात नोकरी मिळाली. दोन वर्षांचा करार होता. निघताना तिने मला नवऱ्याच्या, रत्नदीपच्या हातात दिलं. "फक्त हिचे केस सांभाळा," ती म्हणाली आणि पटकन तोंड फिरवून बॅग उचलू लागली.

रत्नदीप ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढायची आणि केसासारखी बारीक तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, हे त्याचं काम. माणूस प्रेमळ होता. पण सकाळी डबा, दप्तर आणि सव्वासातची गाडी यांत त्याचा जीव टांगलेला असे. तो मला रुचिताच्या टाळूवर टेकवायचा आणि सरळ खाली ओढायचा. गुंता लागला की अजून जोरात. माझे दात कुरकुरायचे आणि रुचिताच्या डोळ्यांत पाणी यायचं. बरं, इतकं करून वेण्या शाळेत पोहोचेपर्यंत सुटायच्या. "केस मोकळे आणायचे नाहीत," असं तिच्या वहीत दोनदा लिहून आलं.

त्याच्या कामावरच्या सुमितने एक उपाय सांगितला. "स्प्रे मार ना यार. एकदा मारला की केस हलत पण नाय."

दुसऱ्या दिवशी घरात हेअर स्प्रेचा उंच, चकचकीत डबा आला. फुस्स! केस जागच्या जागी बसले. रुचिताला खोकला आला, पण पप्पांना गाडी मिळाली. मला कुणीतरी ओट्याखालच्या खणात टाकलं. तिथे कात्री होती, सेलोटेप होता आणि संपलेले सेल होते. रोज सकाळी ती फुस्स मला ऐकू यायची आणि खणाच्या फटीतून रुचिताही दिसायची.

मित्रांनो, लाकडाला राग येत नाही, पण काळजी वाटते. स्प्रेने बसवलेले केस रात्री धुतले जात नव्हते. सकाळी त्यांच्यावरच पुन्हा स्प्रे पडत होता. महिन्याभरात ते झाडूसारखे ताठ झाले. डोकं खाजू लागलं. मानेच्या मागे, वेणीखाली, एक गाठ तयार झाली आणि दिवसेंदिवस वाढत गेली. रुचिता ती कुणाला सांगेना, आणि घाईत वरून स्प्रे मारणाऱ्या पप्पांचा हात तिथपर्यंत जात नव्हता. व्हिडिओ कॉल आला की ती ओढणी डोक्यावरून घ्यायची. "थंडी वाजते गं मम्मी," म्हणायची. एप्रिल महिन्यात थंडी!

एका रविवारी रत्नदीप तिला न्हाऊ घालायला बसला आणि त्याचा हात त्या गाठीला लागला. मुठीएवढा घट्ट गोळा होता. त्याने प्लास्टिकच्या कंगव्याने ओढून पाहिलं, तर कंगव्याचा दात मोडला. रुचिता किंचाळली. तो तसाच उठला आणि कात्रीसाठी त्याने खण उघडला.

"कापून टाकतो सगळे," तो म्हणाला. त्याचा आवाज चिडका नव्हता. थकलेला होता.

रुचिता भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती हळूच म्हणाली, "कापा पप्पा. तुम्हाला माझ्यामुळे उशीर होतो ना रोज."

रत्नदीपचा हात खणातच थांबला. कात्रीशेजारी मी पडलो होतो. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मला हातात घेऊन तो खाली बसला आणि रडू लागला.

किंचाळी ऐकून शेजारच्या कलावतीकाकू दारात आल्या होत्या. त्यांनी तीस वर्षं नाटकांतल्या नट्यांची केशभूषा केली होती. गोळा पाहून त्यांनी ओट्यावरचा स्प्रेचा डबा उचलला.

"अरे, हा मी आयुष्यभर मारला लोकांच्या डोक्यावर. तीन तासांच्या प्रयोगापुरता. प्रयोग संपला की धुऊन काढायचो आम्ही. पोरीला काय रोज प्रयोग आहे का? आणि गॅसजवळ ठेवलायस, पेटला म्हणजे?"

"काकू, मला जमतच नाही ओ," रत्नदीप म्हणाला.

काकूंनी त्याच्या बोटांकडे पाहिलं. "तू तारेचं काम करतोस ना? तिथे गुंता झाला तर काय करतोस? ओढतोस?"

"ओढली तर तुटेल ना. टोक शोधतो. टोकाकडून मोकळी करत मागे जातो."

"मग?" काकू म्हणाल्या.

 रत्नदीपने डोळे पुसले आणि रुचिताला पुढ्यात घेतलं. काकूंनी आधी कोमट पाण्याने स्प्रेचा थर धुवायला लावला. मग टॉवेल बाजूला सारून जुन्या सुती बनियनने केस टिपायला सांगितले, खसाखसा पुसायचे नाहीत म्हणून. रत्नदीपने गोळ्यात खोबरेल चोळलं. एका हाताने गोळ्याच्या वरचे केस घट्ट धरले, म्हणजे टाळूला ओढ बसू नये. आणि मला त्याने अगदी खालच्या टोकाला लावलं. एक बोटभर मोकळं झालं की आणखी एक बोट वर.

अडीच तास लागले. त्याची बोटं तारेवर चालावीत तशी चालत होती. मध्येच रुचिता डुलकी घेऊ लागली. काकूंनी चहा केला, तो गार झाला. सुपारीएवढा एक गुंता काही केल्या सुटला नाही. तेवढा मात्र कापावा लागला. "दिसणार नाही, आतल्या बाजूला आहे," रत्नदीप म्हणाला. रुचिताने मागे हात नेऊन मान चाचपली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

वेण्या टिकाव्यात म्हणून काकूंनी जवसाचं जेल शिकवलं. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचे, चिकट झालं की फडक्यातून गाळायचं. पहिल्या खेपेला रत्नदीपने ते गार होऊ दिलं. मग गाळलं जाईना! सगळं फडकं शेंबडासारखं लोंबू लागलं. रुचिता लोळून लोळून हसली. दुसऱ्या खेपेला त्याने गरम असतानाच गाळलं आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवली. ओल्या केसांना वाटाण्याएवढं लावलं की केस बसायचे, तरी मऊ राहायचे. आठवड्याला नवीन करावं लागे, एवढंच. रात्री झोपताना एक सैल वेणी, उशीला काकूंच्या जुन्या साटीनच्या पदराची खोळ. आणि सकाळी रत्नदीप वीस मिनिटं आधी उठू लागला.

गोळा सुटला त्याच रात्री रुचिताने फोनवर मम्मीला सगळं खरं सांगितलं.  प्रीतीने विचारलं, "पप्पांना दोन वेण्या येतात?"

"शिकतायत," रुचिता म्हणाली. पुढच्या महिन्यात तिने सांगितलं, "चार पेडांची पण येते आता."

पुढच्या वर्षी प्रीती परत आली. दमलेली होती. तिकडच्या धावपळीत तिचे स्वतःचे केस रोज कसेबसे बांधले जात होते. ते राठ आणि गुंतलेले दिसत होते. सगळ्यांना वाटलं, आता ती रुचिताच्या वेण्या घालायला बसेल. पण रत्नदीपने पाट मांडला आणि म्हणाला, "आधी तू बस."

"अहो, काहीतरीच," प्रीती म्हणाली. पण बसली.

त्याने मला तिच्या केसांच्या टोकाला लावलं आणि एक बोट, मग एक बोट, असा वर चढत गेला. रुचिता तेलाची वाटी धरून शेजारी बसली होती. अर्ध्या डोक्यापर्यंत पोहोचेस्तोवर प्रीतीची मान कलली. रुचिताने हळूच आपला खांदा पुढे केला आणि आई त्यावर डोकं ठेवून झोपली. रत्नदीपने मला थांबवलं नाही. त्याने फक्त हात आणखी हलका केला.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. माझ्यासारख्या कंगव्याला पाण्यात भिजत ठेवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि महिन्यातून एकदा तेलाचं बोट लावा. आणि तुमचे केस विंचरताना कुणाला घाई झाली, तर रडून गप्प बसू नका. "दुखतंय," असं सांगा. आणि कधी दुसऱ्याचं डोकं तुमच्या हातात आलं, तर टोकाकडून सुरू करा आणि गुंत्याच्या वरचे केस घट्ट धरून ठेवा.